राक्षस काळाच का रंगवायचा? झाडीपट्टीतल्या एका रंगभूषाकाराचं उत्तर

लाखांदूर तालुक्यातल्या एका शाळेतल्या ताईंनी विचारलं आहे. स्नेहसंमेलनात त्यांना विदर्भाच्या मातीतल्या तीन कथा बसवायच्या आहेत: नल-दमयंती, रुक्मिणीहरण आणि लोणारचा लवणासुर. पात्रं वाटायला बसले तसे गावातले जाणते म्हणाले, राक्षस त्या काळ्या पोट्ट्याला द्या, दमयंती गोऱ्या पोरीला द्या. जिचं पाठांतर सगळ्यांत पक्कं ती मुलगी सावळी, म्हणून ती दासीच्या रांगेत गेली. ताईंचे प्रश्न दोन. पुराणात खरंच वाईट तो कुरूप आणि चांगला तो देखणा असा हिशोब आहे का? आणि नसेल, तर मागच्या रांगेतल्या आजीबाईला राक्षस कोण हे कळावं म्हणून चेहरा रंगवायचा कसा?

ताई, मी पंडित नाही. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांसोबत भाऊबीजेपासून होळीपर्यंत गावोगाव हिंडणारा रंगभूषाकार आहे. त्याआधी दंडार आणि खडी गंमत या आपल्या लोकनाट्यांत तोंडं रंगवली. पण ज्याचा चेहरा रंगवायचा त्याची कथा वाचल्याशिवाय मी ब्रश हाती घेत नाही, तेवढ्या जोरावर सांगतो.

राक्षस काळा झाला तो मुख्यतः उजेडामुळं. जुन्या काळी मंडपात टेंभे, मग पेट्रोमॅक्स. एक-दोन बत्त्यांच्या उजेडात पन्नास-साठ फुटांवरून माणसाचं नाक-डोळे काही दिसत नाहीत. दिसतात भुवया, मिशी, डोक्यावरचा मुकुट आणि चेहऱ्याचा एकंदर रंग. म्हणून जुन्या मंडळींनी सोपी सोय केली. देवाला सफेदा आणि पिवडी (पिवळा रंग), राक्षसाला काजळ आणि हिंगूळ (लाल रंग). गर्दीतल्या शेवटच्या माणसाला पडदा उघडताच कळलं पाहिजे की कोण कोणाच्या बाजूचा. ती खूण होती, स्वभावाचा दाखला नव्हता. पुढं पेट्रोमॅक्स गेला, हॅलोजन आले, आता एलईडी आहेत, माइक आहेत. गरज संपली तरी सवय राहिली. त्यात १८९४ साली सुरू झालेल्या रविवर्मा प्रेसच्या चित्रांनी आणि मागून आलेल्या कॅलेंडरांनी देव-दानवांचे चेहरे घराघरातल्या भिंतींवर चिकटवून टाकले. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर रामायण लागायचं तेव्हा पोरं आम्हाला येऊन सांगायची, 'भाऊ, टीव्हीवाल्यासारखाच करा.'

पोथीत मात्र हिशोब वेगळा आहे. राम सावळा, कृष्ण सावळा, आपला विठोबा तर काळा ठिक्कर. द्रौपदीचं एक नावच कृष्णा, आणि तिच्याइतकी देखणी बाई महाभारतात दुसरी कोणती? उलट बाजूला रावण बघा. हनुमंताला बांधून त्याच्यासमोर उभं करतात, तेव्हा सुंदरकांडात हनुमंताच्या मनात पहिल्यांदा येतं ते कौतुक: काय हे रूप, काय हे धैर्य, काय हे तेज! ज्याची लंका जाळायला निघाला त्याच्याबद्दल हनुमंत असं म्हणतो. याला काजळ फासायचं म्हणजे हनुमंताला खोटं पाडणं झालं.

राक्षसांबद्दल पोथ्या आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. ते हवं ते रूप घेऊ शकतात. पूतना गोकुळात आली ती नटून-थटून, सुंदर बाई होऊन. इतकी सुंदर की गोपींनी तिला अडवलंच नाही. तिचं खरं अक्राळविक्राळ शरीर दिसलं ते मेल्यावर. हिडिंबा भीमावर भाळली आणि रूपवती होऊन समोर आली, पण तिच्या पोटात कपट नव्हतं. तिचा पोरगा घटोत्कच दिसायला राक्षस, आणि मेला पांडवांसाठी. कबंधाचं तर डोकंच नाही, पोटात तोंड, छातीवर एक डोळा. राम-लक्ष्मणांनी त्याचे हात तोडून त्याला जाळलं, तशी चितेतून देखणी आकृती उभी राहिली, कारण मुळात तो शापानं बिघडलेला होता. आणि त्यानंच पुढं सुग्रीवाकडं जायचा रस्ता सांगितला. म्हणजे या कथांमध्ये रूप हे अंगावरच्या कपड्यासारखं आहे: कोणी उसनं घेतं, कोणाचं हिसकलं जातं, कोणाला परत मिळतं. रंगभूषाकारानं शोधायची ती हीच जागा. रूप कुठं बदलतं आणि का बदलतं? रंग तिथं खर्च करा. बाकी चेहरा जसा आहे तसा राहू द्या.

आता तुमच्या तीन नाटकांकडं येतो.

रुक्मिणीहरणाचं लवकर आटपतो, कारण त्यात रंगाचं काम कमी आहे. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. तिथून आजही रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. तुमच्या नाटकात खलनायक दोन: भाऊ रुक्मी आणि नवरदेव म्हणून बोलावलेला शिशुपाल. शिशुपालाची जन्मकथा पोरांना नक्की सांगा. तो जन्मला तेव्हा त्याला तीन डोळे आणि चार हात होते. आईबाप घाबरून टाकून द्यायला निघाले. आकाशवाणी झाली की ज्याच्या मांडीवर ठेवल्यावर हे जास्तीचे अवयव गळतील, त्याच्याच हातून हा मरेल. कृष्णाच्या मांडीवर ठेवल्याबरोबर जास्तीचे हात आणि तिसरा डोळा गेला. पोरगा चारचौघांसारखा झाला. वैर काही गेलं नाही. या माणसाला काळं करून काय मिळणार? त्याला चांगला फेटा, सुंदर शेरवानी, अंगठ्या द्या. लग्नघरी हुंडा मोजणारा नवरदेव जसा बसतो तसा बसू द्या. रुक्मीला तर काहीच लावू नका. बहिणीच्या मनाविरुद्ध तिचं लग्न ठरवणारा भाऊ प्रत्येक गावात आहे, त्याला ओळखायला मेकअप लागत नाही. शेवटी कृष्ण त्याचे केस-मिशा अर्धवट भादरून त्याला विद्रूप करतो, तिथं मात्र काम आहे. क्रेपची (नकली केसांची) मिशी स्पिरिट गमनं (चेहऱ्यावर केस चिकटवायच्या डिंकानं) आधीच दोन तुकड्यांत चिकटवा, म्हणजे एका झटक्यात अर्धी निघेल. मंडप हसून लोटपोट होईल.

नल-दमयंतीवर मात्र मला रात्रभर बोलायला लावाल तरी चालेल. रूप म्हणजे काय, यावर याहून चांगली कथा माझ्या तरी वाचनात नाही, आणि ती आपल्या विदर्भाच्या राजकन्येची आहे.

स्वयंवराचा प्रवेश घ्या. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघं देव नलाचंच रूप घेऊन ओळीत बसले आहेत. पाच नल, एकसारखे देखणे. दमयंती हार घेऊन उभी. आता ओळखायचं कसं? ती देवांनाच विनवते की तुमच्या खुणा दाखवा, तेव्हा तिला फरक दिसतो. देवांना घाम नाही, त्यांची पापणी लवत नाही, त्यांच्या गळ्यातल्या माळा ताज्या, अंगावर धूळ नाही, आणि पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचव्याची सावली पडते. त्याची माळ कोमेजली आहे, अंगाला धूळ आहे, घाम आहे, पापणी लवते. ती हार त्याच्या गळ्यात घालते. निर्दोष सुंदर चेहरा सोडून घामेजलेला निवडते.

हा प्रवेश बहुतेक ठिकाणी पाच मुकुट आणि दोन गाण्यांत गुंडाळतात. तुम्ही गुंडाळू नका. पाचही पोरांना एकच बेस लावा, एकाच छटेचा, जाडसर, पावडरनं पूर्ण मॅट केलेला. चौघांना कागदाच्या फुलांच्या माळा, नलाला खऱ्या झेंडूची, तीही सकाळी ओवून उन्हात ठेवलेली. चौघांना बाकावर बसवा, पाय वर उचलून, नलाचे पाय जमिनीवर. त्यांना पापणी न लववता बसायचा सराव द्या, पोरं त्याची पैज लावतात आणि मजेनं करतात. नलाच्या कपाळावर आणि वरच्या ओठावर एन्ट्रीच्या आधी पाण्यात थोडं ग्लिसरीन मिसळून फवारा मारा. खरा घाम उजेडाखाली सुकतो, ग्लिसरीनचे थेंब टिकतात आणि चमकतात. दिवा एका बाजूनं लावा म्हणजे नलाची सावली मागच्या पडद्यावर पडेल. चौघांना मधोमध, पडद्यापासून पुढं ठेवलं तर त्यांच्या सावल्या खाली पडतात आणि प्रेक्षकांना दिसत नाहीत. एवढं जमलं की कोणी बोलायच्या आधी पुढच्या ओळीतलं एखादं पोरगं ओरडेलच, 'थो होय! थो घामेजला होय!'

पुढं कली नलाच्या अंगात शिरतो. नल भाऊ पुष्कराशी जुगार खेळून राज्य हरतो, आणि रानात झोपलेल्या दमयंतीचं अर्धं वस्त्र फाडून घेऊन निघून जातो. हा नायक आहे बरं का, आणि त्याचं सगळ्यांत वाईट कृत्य तो देखणा असतानाच घडतं. मग वणव्यात सापडलेल्या कर्कोटक नागाला तो वाचवतो, आणि नाग त्याला चावतो. नल कुरूप होतो, हात आखूड होतात, बाहुक नावानं अयोध्येच्या ऋतुपर्णाकडं सारथी म्हणून राहतो. नाग त्याला सांगतो की हे विष तुझ्या अंगातल्या कलीला जाळत राहील, आणि या रूपात तुला कोणी ओळखणार नाही. म्हणजे कुरूपपण हे त्याचं औषध आहे आणि चिलखतही. बाहेरून कुरूप दिसणारा नल आतून बरा होत चाललेला. 'वाईट तो कुरूप' असं म्हणणाऱ्या तुमच्या जाणत्यांना एवढी एकच कथा पुरे.

बाहुकाचा मेकअप कसा करायचा? पोरगं बदलू नका. दुसरा पोरगा बाहुक केला तर कथाच मेली. तोच नल, त्याचाच आवाज. साप चावल्यावर तो पडद्यामागं जातो तेव्हा तुमच्या हाती एक गाणं एवढाच वेळ असतो. त्यामुळं आधीपासून तयार ठेवा: बाह्या आखूड शिवलेला अंगरखा, ज्यानं हात कोपरापासून बांधल्यासारखे दिसतील. एका खांद्याखाली कापडाची उशी. एका पापणीवर सर्जिकल टेपची बारीक पट्टी, म्हणजे डोळा अर्धा मिटलेला दिसेल. नाकपुड्यांवर तपकिरी छटा, कपाळाच्या आठ्यांत तीच. आणि दातांसाठी संत्र्याची साल, आतला पांढरा भाग बाहेर करून, कातरीनं वेडेवाकडे दात कापून ओठाच्या आत बसवायची. आपल्याकडं संत्र्यांना काय तोटा? पोट्टे बोलून राहिले तर दात पडतात, म्हणून दोन दिवस साल तोंडात ठेवून संवाद म्हणायला लावा. काळा रंग कुठंच लागला नाही, बघा.

दमयंतीचंही रूप झाकलं जातं, ते विसरू नका. ती चेदी देशात राजकन्या सुनंदेची दासी म्हणून राहते, मळक्या कपड्यांत, धुळीनं माखलेली. शोधायला आलेला सुदेव ब्राह्मण तिला ओळखतो ते भुवयांच्या मध्ये असलेल्या जन्मखुणेवरून, जी मळानं जवळजवळ झाकली गेली आहे. सुनंदा स्वतःच्या हातानं तो मळ पुसते आणि खूण दिसते. रंगमंचावर हे करा. काजळ-मातीचा पातळ हात कपाळावर, खाली लाल-तपकिरी खूण आधीच काढलेली, ओल्या फडक्यानं एकदाच पुसायचं. खूण वॉटरप्रूफ पेन्सिलीनं काढा, नाहीतर तीही पुसली जाईल. या प्रवेशात दमयंती गोरी की सावळी याला काही अर्थ उरतो का, सांगा.

आणि शेवट? कुंडिनपुरात बाहुक रथ घेऊन येतो. रथाचा आवाज ऐकूनच तिला शंका येते. ती केशिनी दासीला पाठवते. केशिनी बघते की बाहुकानं नुसतं पाहिलं तर रिकामी भांडी पाण्यानं भरतात. दमयंती त्यानं शिजवलेलं मांस मागवून चाखते, आणि चवीवरून नवरा ओळखते. चेहऱ्यावरून नाही. शाळेत मांस नको असेल तर नुसतं 'त्याच्या हातचं जेवण' म्हणा, कथेचं काही बिघडत नाही.

म्हणून ताई, ती सावळी पोरगी दमयंती. तिला पांढरट-गुलाबी बेस मुळीच लावू नका. सावळ्या त्वचेवर तो एलईडीच्या पांढऱ्या उजेडात राखेसारखा दिसतो, आणि मान नि हात वेगळ्या रंगाचे उघडे पडतात. तिच्याच रंगाचा, थोडी पिवळसर झाक असलेला पॅनकेक (वडीसारखा घट्ट मेकअप) ओल्या स्पंजनं, तोच मानेला आणि हातांना. गालावर गुलाबी नको, विटकरी. ओठ कुंकवाच्या छटेचे. डोळ्यांत काजळ ठसठशीत. सोन्याचे दागिने सावळ्या कातडीवर जास्त उठून दिसतात, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत मात्र कोणी नाही.

तिसरं लोणार. बुलढाणा जिल्ह्यातलं ते सरोवर बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, हे पोरांना विज्ञानात शिकवताच. कथा अशी, की तिथं जमिनीखालच्या बिळात लवणासुर राहायचा आणि वरच्या लोकांना छळायचा. विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं, राक्षसाच्या दोन बहिणींना भुलवलं, त्यांच्याकडून लपायची जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्यानं बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. तळ्याचं पाणी म्हणजे त्याचं रक्त, त्यातला खार म्हणजे त्याचं मांस. गावात दैत्यसूदनाचं, म्हणजे याच विष्णूचं, कोरीव मंदिर आहे. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं. खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं, असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं, पण ज्याला कथा माहीत आहे त्याला त्या दिवशी लवणासुर आठवलाच असणार.

बघा या कथेत भुलवतो कोण? देव. आणि कशानं भुलवतो? रूपानं. भस्मासुराच्या कथेतही तेच, तिथं विष्णू मोहिनी होतो. खडी गंमतीत मोहिनी नाच्या पोरगाच करायचा, म्हणजे पुरुष देवानं घेतलेलं बाईचं रूप पुरुषानंच घेतलं, आणि लोकांना ते फार कळायचं. लवणासुरात माझं मन त्या दोन बहिणींपाशी अडकतं. त्यांच्या भावाला मारणारा त्यांच्यावर प्रेमाचं नाटक करून गेला. तुमच्या संहितेत त्यांना दोन ओळी नसतील तर लिहा. झाकण उडाल्यावर त्या रंगमंचावरच राहू द्या, भावाच्या प्रेताजवळ. त्यांनाही राक्षसिणी म्हणून शिंगं लावायची घाई नको.

लवणासुराला मात्र खुशाल भव्य करा. भव्य म्हणजे काळा नव्हे. खांद्यांत कापूस, डोक्यावर अंबाडीच्या वाखाच्या जटा (काळ्या नको, मेंदीनं तांबूस करा), भुवयांची बाहेरची टोकं वर ओढलेली, डोळ्यांखाली लाल रेघ. अंगावर पांढऱ्या खाराचे फराटे, कारण तो खाऱ्या बिळातला आहे. दिवा खालून द्या. कोणताही चेहरा खालून उजेड पडला की भेसूर होतो, तुमचा-माझासुद्धा. निळा एलईडी वापरणार असाल तर लाल रंग त्यात काळा पडतो, तेव्हा आधी दिव्याखाली बघून मग रेघ मारा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, त्याला लगेच दाखवू नका. आधी आवाज, मग गावकरी पळताना, मग बिळातून एक हात. राक्षस जेवढा स्वतःच्या तोंडावर असतो त्याहून जास्त समोरच्या पात्रांच्या तोंडावर असतो. गावकरी झालेली पोरं खरी घाबरली, तर तुमचा लवणासुर पाचवीतला काडीपहिलवान असला तरी चालेल.

दोन-तीन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, पण सांगून ठेवतो.

तुमच्या गावातही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत, म्हणजे रोगराईची पुतळी, काढत असतील. आपल्याकडं मातीची नाहीतर पळसाच्या पानांची, नागपुरात १८८० च्या दशकापासून काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या. लोक तिला पूतनेशी जोडतात, आणि गावाबाहेर नेताना ओरडतात, 'रोगराई घेऊन जा गे मारबत!' नागपूरच्या मिरवणुकीत सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, असतात, त्यांना त्या त्या वर्षीच्या भ्रष्टाचाराचं, महागाईचं तोंड लावतात. खलनायकाचा खरा उपयोग मला तिथं दिसतो. त्याला लोक आपल्या काळाचा चेहरा देतात. चिखलदऱ्याच्या दरीत भीमानं ज्या कीचकाला फेकलं असं सांगतात, त्याच कीचकावर खाडिलकरांनी १९०७ साली नाटक केलं. प्रेक्षकांना त्यात लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० मध्ये ब्रिटिश सरकारनं त्यावर बंदी घातली. कीचक म्हणजे विराटाचा सेनापती, राणीचा भाऊ, रुबाबदार गडी. आमच्या सामाजिक नाटकातला कंत्राटदार किंवा सावकार बघा, तो इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यातच येतो आणि मंडपातल्या बाया त्याला मनापासून शिव्या देतात.

म्हणूनच एका बाबतीत मी कडक आहे. चेटकीण रंगवा म्हटलं तर मी गावातल्या म्हातारीसारखी रंगवत नाही. पिकलेले केस, पडलेले दात, वाकलेली पाठ, फाटकं लुगडं: ही आपल्या आज्यांची खूण आहे. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात २०२१ च्या ऑगस्टमध्ये भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना भर चौकात बांधून मारलं गेलं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, तरीही. रात्री नाटकात जो चेहरा राक्षसाचा म्हणून दाखवतो, तो सकाळी गावात कोणाच्या तरी अंगावर चिकटू शकतो. चेटकीण हवीच असेल तर तिला मुखवटा द्या, कागदाच्या लगद्याचा, हिरवा-जांभळा, ज्यासारखं माणूस कुठंच नसतं.

आणि रावण करायचा झाला तर आधी गाव विचारा. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळ्यात रावणाची दहा तोंडांची दगडी मूर्ती आहे, गाव तिची पूजा करतं. गडचिरोलीच्या काही गोंड गावांत तो पूर्वज मानला जातो, दसऱ्याला त्याची पूजा होते. तिथं रावण जाळायचा प्रवेश घेऊन गेलात तर तुम्हाला कोणी चहा विचारणार नाही, आणि बरोबरच करतील.

आता सामान. जुनी माणसं मुर्दाडशिंग लावायची, चेहऱ्याला छान पिवळसर तेज यायचं. ते शिशाचं असतं. कोणी आजोबा प्रेमानं काढून देतील, तरी लहान पोरांना मुळीच लावू नका. कुंकू, शेंदूर, ऑइल पेंट, होळीचा रंग, हेही नाही. तालुक्याला पॅनकेकच्या चार छटा मिळतील, दोन गडद आणि दोन मध्यम घ्या. गोरी छटा नाही घेतली तरी अडत नाही. एक काळी आणि एक लाल-तपकिरी पेन्सिल, सैल पावडर, ग्लिसरीनची छोटी बाटली, स्पिरिट गम. आदल्या दिवशी प्रत्येक पोराच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून ठेवा, खाज आली तर त्याला नुसतं काजळ आणि मुकुट. स्पिरिट गम ओठांवर आणि डोळ्यांच्या जवळ नको. ज्याच्या पापणीला टेप लावणार, ती काढताना ओढू नका, खोबरेल तेल लावून दोन मिनिटं थांबा. रंगही तेलानंच उतरवा, मग साध्या साबणानं तोंड धुवा. काही गावांत रॉकेलनं पुसतात, ते होऊ देऊ नका. आणि संत्री आदल्या संध्याकाळीच आणून ठेवा, पोरं तालमीतच अर्धी खाऊन टाकतात.